उठूनच नाही राहिला! (सर्व्हरची दुखणी : लेखांक 6)

मागच्या आठवड्यात यूपीएसच्या बॅटऱ्यांबद्दल लिहिलं होतं. आज त्याच्या पुढचं दुखणं. वीज आली, बटण दाबलं, पंखे घरघरले, आणि सर्व्हर काही उठला नाही.

गोंदियाजवळच्या एका राईस मिलमधून जूनमधल्या एका सकाळी मुनीमजींचा फोन आला. "सर, सर्व्हर उठूनच नाही राहिला. तीनदा बंद-चालू केला." रात्री वादळ होऊन गेलं होतं. तिरोड्याला 3300 मेगावॅटचं वीज केंद्र असलं तरी झाड पडून तार तुटली की आसपासच्या गावांत अंधारच. वजनकाट्याच्या पावत्या, धानाचा साठा, बिलं, सगळं त्या एका टॉवर सर्व्हरमध्ये. आणि फाटकाशी तांदूळ भरलेले दोन ट्रक.

मी विचारलं, "स्क्रीनवर काय लिहून येतंय?"

"इंग्लिशमध्ये काहीतरी येते सर, पण मी लगेच बंद करून देतो."

निम्मे सर्व्हर इथेच बिघडतात. स्क्रीनवर येतं ते दुखणं यंत्र स्वतः सांगत असतं. ते वाचायचं, नाहीतर मोबाइलने फोटो काढायचा. दुसरं असं, की घरच्या कॉम्प्युटरसारखा सर्व्हर पाच-दहा सेकंदांत उठत नाही. भरपूर मेमरी बसवलेली असेल, तर ती तपासण्यातच काही मिनिटं जातात आणि तोवर स्क्रीन काळीच राहू शकते. तेवढ्यात बटण दाबणारा माणूस चांगल्या सर्व्हरलाही उठू देत नाही.

उठण्याचा रस्ता ठरलेला असतो. आधी वीज, मग प्रोसेसर आणि मेमरीची स्वतःची तपासणी, मग डिस्कचा कंट्रोलर, मग डिस्कवरचा छोटासा बूट लोडर, आणि शेवटी विंडोज किंवा लिनक्स. गोंदियाहून नागपूरकडे निघालेली पॅसेंजर तिरोड्यालाच पोचली नसेल, तर भंडारा रोडला जाऊन रूळ तपासण्यात अर्थ नाही. इथेही एकच विचारायचं : गाडी कुठवर आली होती? कंपनीचं नाव दिसून थांबली, तर विंडोज नव्याने टाकण्याची घाई कशाला? आणि विंडोजची खूण येऊन निळी स्क्रीन आली असेल, तर पॉवर सप्लाय बदलून काय मिळणार?

मोठ्या सर्व्हरमध्ये हे शोधायला आणखी एक सोय असते. आत एक वेगळा चिमुकला कॉम्प्युटर बसवलेला असतो. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईवाले आयलो. मुख्य यंत्र बंद असलं, तरी वायरीत वीज आहे तोवर हा जागा असतो आणि कुठली मेमरी रुसली, कुठला पंखा थांबला याची वेळेनिशी नोंद ठेवतो. पुष्कळ ठिकाणी त्याच्यासाठीची नेटवर्कची वायर कधी जोडलेलीच नसते.

मिलमधल्या सर्व्हरला मात्र ही चैन नव्हती. मी पोचलो तेव्हा शेजारचा एक उत्साही पोरगा पेचकस घेऊन बसला होता. मेमरी काढून, धानाची धूळ पुसून त्याने ती परत बसवली होती. ते ठीकच, मिलमध्ये धूळ हा खरा शत्रू आहे. पण स्क्रीनवर बूट करण्याजोगी डिस्कच सापडत नाही असा संदेश होता. दोन्ही डिस्क सुट्या-सुट्या दिसत होत्या, आणि "रेड उडाली, नवीन बनवतो" असं म्हणत त्याचं बोट एंटरवर होतं.

मी त्याला थांबवलं. एरवी या दोन डिस्क रेडच्या जोडीत एकमेकींची नक्कल ठेवत. डिस्क दिसत नाही आणि डिस्क गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवी जोडी बनवताना जुनी पुसली जाऊ शकते. आणि पुसलेलं परत मिळवायला जो खर्च येतो, त्यात नवे सर्व्हर येतात. अशा वेळी नुसतं बघायचं, लिहिणारं काही करायचं नाही. डिस्क काढावीच लागली, तर आधी मार्करने तिच्यावर जागेचा नंबर टाकायचा.

मी सेटिंगच्या पानावर गेलो. कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2014.

तिथेच उलगडा झाला. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा 3 व्होल्टचा एक सेल असतो, सीआर2032. वीज नसताना घड्याळ तो चालवतो, आणि जुन्या यंत्रांमध्ये सेटिंगही त्याच्याच जिवावर टिकतात. तो केव्हाच मेला होता, पण यूपीएसने कधी वीज तुटू दिली नाही म्हणून कुणाला कळलं नाही. त्या रात्री यूपीएसही दमला. सेटिंग मूळपदावर गेल्या, डिस्कची पद्धत रेडवरून साध्यावर आली आणि जोडी फुटल्यासारखी दिसू लागली. सेल बदलला, पद्धत पुन्हा रेड केली, बूटचा क्रम लावला, तारीख दुरुस्त केली. सर्व्हर उठला. तारीख विसरलो असतो, तर ई-वे बिलाचं पोर्टल उघडलं नसतं. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात. ट्रक तिथेच राहिले असते.

गाडी शेवटच्या टप्प्यावर अडकली की काय होतं, ते 19 जुलै 2024 ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळ्या स्क्रीनवर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. वीज, मेमरी, डिस्क, सगळं ठणठणीत होतं. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची, एवढाच इलाज. पण तो बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी बसून करावा लागला. डिस्कला कुलूप लावलेलं असेल तर त्याची किल्लीही लागे, आणि काहींनी ती किल्ली न उठणाऱ्या सर्व्हरवरच जपून ठेवली होती.

पुढच्या लेखांकात बॅकअप. तोवर एक काम करा. पुढच्या वेळी सर्व्हर मुद्दाम बंद कराल, तेव्हा त्याच्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचे फोटो काढा, एक प्रत छापून कपाटात ठेवा, आणि सेल किती वर्षांचा झाला तेही त्यावर लिहा.