माणूस एक, वऱ्हाड बावन्न जणांचं

सामान्यज्ञानाच्या स्पर्धांमध्ये हमखास येणारा प्रश्न आहे. एकाच नटाने एकाच प्रयोगात ५२ पात्रं उभी केली, ते मराठी नाटक कोणतं? आमच्या गंगापूर-वैजापूरकडे हा प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागत नाही: 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. गिनीज बुकात नोंद झाली, हेही लोकांना पाठ असतं. पण एक माणूस जवळपास तीन तास ५२ जण होतो आणि समोरच्या माणसाचा गोंधळ उडत नाही, हे जमतं कसं? खरी गंमत तिथे आहे.

प्रा. लक्ष्मण देशपांडे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. 'वऱ्हाड' त्यांनीच लिहिलं आणि १९७९ पासून एकट्याने केलं. मराठवाड्यातल्या खेड्यातलं वऱ्हाड विमानात बसून लंडनला निघतं, एवढीच गोष्ट. ना नेपथ्याचा पसारा, ना वेषांतराला विंगेत पळणं. अंगात साधा झब्बा आणि हातात एक उपरणं. तेच उपरणं डोक्यावरून घेतलं, खांदे जरा पाडले, मान किंचित पुढे काढली की म्हातारी बाई उभी. तेच खांद्यावर झटकलं, छाती पुढे आली, आवाज पोटातून निघाला की गावचा पुढारी.

पण आवाज आणि उपरणं यांच्यापेक्षाही मोठं काम नजर करते. बुटका माणूस उंच माणसाशी बोलताना वर बघतो. पुढच्या क्षणी तो उंच माणूस खाली बघून उत्तर देतो. नट जागचा हललेला नसतो, पण दोघांमधलं अंतर आपण मनात मोजलेलं असतं. नजर चार बोटं इकडची तिकडे झाली तर सगळं वऱ्हाड विस्कटेल. वऱ्हाडातला बबन्या कुठे उभा आहे आणि जानराव कुठे, हे देशपांडे एकदा दाखवत आणि मग प्रयोगभर ती जागा पाळत. ५२ आवाज काढणारे नकलाकार सापडतील. ५२ जणांच्या जागा सांभाळणारा विरळा.

मराठी मनोरंजनात एकाने अनेक होण्याचं हे कोडं फार आधीपासून सोडवलं जातंय आणि प्रत्येकाची युक्ती निराळी आहे. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी नटी मिळाली नाही. मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता, दोन्ही तेच! हिंदी-मराठीतल्या साऱ्या डबल रोलचे हे आजोबा. यात कथेनेही हात दिला असणार, असं मला वाटतं. सीता लंकेत, राम दूर आणि मधे निरोप नेणारा मारुती, म्हणजे दोघं समोरासमोर यायची वेळच फारशी नाही. एकाचं शूटिंग आटोपून दुसऱ्याचा पोशाख चढवायला सवड होती.

रंगमंचावर अशी सवड कुठली मिळणार? आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, राधेश्याम महाराज अशा पाच रूपांत एकटे प्रभाकर पणशीकर. त्यांच्या मदतीला होता फिरता रंगमंच. एक दृश्य फिरून मागे जायचं, दुसरं समोर यायचं आणि तेवढ्या वेळात कपडे, मिशी, टोपी सगळं बदलायचं. इथे प्रेक्षकापासून बदल लपवायचा होता, कारण नाटकच तोतयाचं. 'वऱ्हाड'मध्ये उलट आहे. बदल डोळ्यांसमोर होतो आणि तरी खरा वाटतो. मला विचाराल तर ही दुसरी करामत जास्त अवघड.

आणि ही रीत आमच्याच मातीतली आहे. गंगापूर तालुक्याच्या कडेने वाहणारी गोदावरी पुढे पैठणला जाते. तिथे सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी भारुडं रचली. त्यांत जोशी येतो, वासुदेव येतो, गोंधळी येतो, विंचू चावलेला माणूस येतो. भारुडी माणूस भर मंडळींदेखत लुगडं गुंडाळतो, पदर घेतो, ठेका धरतो आणि बाई होऊन सासरची गाऱ्हाणी मांडायला लागतो. मिशी तशीच असते, पण कुणाला खटकत नाही. सिल्लोड तालुक्यातले भारुडरत्न निरंजन भाकरे २०२१ मध्ये गेले. त्यांनी 'बुरगुंडा' हे भारूड टीव्हीपर्यंत नेलं, तेही याच रीतीने. हरिनाम सप्ताहात भारुडं बघत वाढलेल्या प्रेक्षकाला उपरण्याचा पदर झालेला कळायला काही समजावून सांगावं लागत नाही. देशपांड्यांना असा तयार प्रेक्षक घरचाच मिळाला आणि त्याच्या बळावर ते महाराष्ट्रभर आणि परदेशातही गेले.

२००९ मध्ये देशपांडे गेले. एकाच माणसाच्या अंगात बसलेलं नाटक त्याच्याबरोबर संपेल, अशी धास्ती होती. ते माजलगावच्या संदीप पाठक यांनी पुन्हा उभं केलं. देशपांड्यांच्या प्रयोगाचं चित्रीकरण बघायला मिळतं. बघाल तेव्हा पाच मिनिटं आवाज बंद करून नुसती त्यांची नजर बघा. कोण कुणाशी बोलतंय, हे बऱ्याच ठिकाणी तरीही कळतं.