पद्मिनीचा विस्मृत शिल्पकार

वीस वर्षांच्या वयोमर्यादेचा नियम लागून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची नाहीशी झाली. हळहळ पुष्कळ झाली. परंतु तिच्या शिल्पकाराचे, दान्ते जाकोसा ह्यांचे, नाव आमच्या तरी कानी आले नाही.

१९०५ साली रोमला जन्मलेल्या आणि १९९६ साली तुरिनला निवर्तलेल्या ह्या फियाटच्या अभियंत्याने, सामान्य कुटुंबास परवडेल अशी मोटार रचणे हेच जणू जीवितकार्य मानले. १९३६ ची चिमुकली 'तोपोलीनो' (म्हणजे छोटा उंदीर!) त्यांची, १९५३ ची 'फियाट ११००' ही त्यांच्याच देखरेखीखाली घडलेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात हीच ११०० तयार होऊ लागली, आणि तिच्याच सुधारित रूपाचे १९७० च्या दशकात 'पद्मिनी' असे बारसे झाले. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकापाशी, म्हणून पुढेही ऐसपैस बाक! मंठ्याहून प्रथमच मुंबईस आलेला पाहुणा दादरला उतरून आपली वळकटी टपावर टाकी, ती हिच्याच.

निदान एक पद्मिनी जतन करावी, ही टॅक्सीचालकांची मागणी रास्तच आहे. ती गाडी संग्रहालयात उभी राहील, तेव्हा तिच्या पाटीवर जाकोसांचेही नाव असावे, अशी आमची शासनास सूचना आहे.