जांभा दगडातील घरबांधणी (रत्नागिरी)

जांभा दगडातील घरबांधणी ही कोकणात, विशेषतः रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, रूढ असलेली भारवाही भिंतींची बांधकामपद्धती होय. जांभा हा लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी समृद्ध असा सच्छिद्र खडक आहे. खाणीत तो सहज कापता येतो आणि हवेत वाळल्यावर कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळातील अंगाडीपुरम येथे हा गुण पाहून १८०७ मध्ये त्यास ‘लॅटेराइट’ असे नाव दिले; लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. कापलेल्या ठोकळ्यास कोकणात चिरा म्हणतात.

कौलारू छप्पर उतरवून त्याच भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब घालावा का, हा अशा घरांबाबत नेहमी पुढे येणारा प्रश्न आहे.

भिंत आणि छपराचे वजन

भारतीय मानक ३६२० नुसार चिऱ्याची दाबशक्ती किमान ३.५ न्यूटन प्रति चौ. मिमी असावी. २३ सेंमी जाड व ३ मी. उंच भिंतीच्या तळाशी स्वतःच्या वजनाने सुमारे ०.०६ आणि ३.५ मी. गाळ्यावरील स्लॅबमुळे आणखी सुमारे ०.०४ न्यूटन प्रति चौ. मिमी एवढाच दाब येतो. सांधे व भिंतीची उंची विचारात घेऊन अनुज्ञेय दाब चिऱ्याच्या शक्तीच्या एक-दशांशाहून कमी धरला, तरी एकमजली घराची भिंत भाराखाली चिरडत नाही. खरा धोका बाजूने येणाऱ्या बलाचा असतो.

मंगलोरी कौलांचे छप्पर दर चौ. मीटरला सुमारे ६५ किलो, तर १२.५ सेंमी जाडीचा स्लॅब ३१० किलोच्या आसपास भरतो. भूकंपाचे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. ११ डिसेंबर १९६७ रोजी भूकंप झालेले कोयनानगर चिपळूणहून सह्याद्रीच्या लगेच पलीकडे आहे, त्यामुळे हा विचार येथे केवळ पुस्तकी नाही. मातीच्या सांध्यांची जुनी भिंत अशा वेळी कोपऱ्यांत फाटते. भारतीय मानक ४३२६ यासाठी जोते, दरवाजांचा माथा व छप्पर या पातळ्यांवर घरभर सलग फिरणारे सळईयुक्त काँक्रीटचे पट्टे सुचवते. नवीन घरात ते सोपे आहे. उभ्या घरात मधला पट्टा घालणे कठीण, आणि बहुधा तोच वगळला जातो.

हलके छप्परही निर्धोक नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली व मंडणगड तालुक्यांत अनेक घरांची छपरे उडाली. वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतील तर वाऱ्याच्या उचलीला विरोध करणारे काहीच उरत नाही. ते लोखंडी बोल्टांनी भिंतीत खोलवर अडकवावे लागतात.

पाऊस आणि गंज

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. लांब वळचण भिंत कोरडी ठेवते, आखूड छज्जा ठेवत नाही. चिरा पाणी शोषतो आणि वर खारा वारा असतो, म्हणून सळया गंजतात. भारतीय मानक ४५६ (२०००) सौम्य हवामानात एम-२० काँक्रीट व २० मिमी आवरण पुरेसे मानते. तीव्र परिस्थितीत मात्र एम-३० व ४५ मिमी मागते.

गळती थांबवण्यासाठी अनेक ठिकाणी स्लॅबवर पुन्हा पत्र्याचे उतरते छप्पर उभारतात. त्याचे खांब स्लॅबमध्ये पक्के न अडकवता नुसते वर बसवले, तर उचलीचा प्रश्न तसाच राहतो.