परीक्षा तिसऱ्या रांगेची

टाटा सफारी पुण्यात बनते आणि महिंद्रा एक्सयूव्ही७०० तिथून जवळच, चाकणला. दोघीही २०२१ मध्ये बाजारात आल्या आणि एकाच गिऱ्हाइकावर डोळा ठेवून आल्या: आजी-आजोबांसकट सगळं घर एका गाडीत बसवू पाहणारं कुटुंब.

सफारी हे नाव १९९८पासूनचं. ती जुनी, लॅडर फ्रेमवरची, फोर बाय फोर मिळणारी धिप्पाड गाडी वेगळी. नवी सफारी म्हणजे मुळात टाटाचीच हॅरियर. २०२०च्या ऑटो एक्स्पोत ती ‘ग्रॅव्हिटास’ नावाने मांडली होती. हॅरियरपेक्षा ती ६३ मिलिमीटर लांब आणि मागे छत उंचावलेली, पण व्हीलबेस तोच, २७४१ मिलिमीटर. एक्सयूव्ही७००चा २७५०. बोटभरही फरक नाही.

खरी गंमत मागे आहे. दोन्ही गाड्यांत तिसऱ्या सीटखालची जमीन उंच, त्यामुळे मोठ्या माणसाचे गुडघे पोटाकडे येतात. उंच छतामुळे सफारीत डोक्याला जरा मोकळीक मिळते. सहा सीटच्या सफारीत मधल्या दोन खुर्च्यांमधून वाकून मागे जायचं. पोरं सुळकन जातात, गुडघेदुखीवाल्या आजींचं काय? सात सीटच्या एक्सयूव्हीत डावीकडची मधली सीट एका खटक्यात दुमडून पुढे उलटते, वाट रुंद होते. सातही जण बसले की सामानाला मात्र दोन्हीकडे ठेंगाच.

इंजिनात महिंद्राने हात सैल सोडला: २०० पीएसचं पेट्रोल, १८५ पीएसपर्यंतचं डिझेल, वरच्या डिझेल ऑटोमॅटिकला ऑल-व्हील ड्राइव्हही. सफारी आली ती फक्त १७० पीएसच्या डिझेलवर. सांगाडा लँड रोव्हरच्या घराण्यातला, तरी जोर पुढच्याच चाकांना. नावाला न शोभणारी काटकसर!

ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीतले पाच तारे दोघींकडे आहेत. मोठ्यांच्या सुरक्षेत एक्सयूव्हीला २०२१ मध्ये १७ पैकी १६.०३ गुण, सफारीला २०२३ मध्ये ३४ पैकी ३३.०५. मधल्या काळात चाचणीचे नियम कडक झाले, म्हणून हे आकडे शेजारी ठेवून भांडू नये.

घाटात दमदार गाडी हवी आणि मागे वडीलधारी बसणार असतील, तर एक्सयूव्ही. मागे पोरंच असतील आणि मधल्या रांगेत ऐसपैस खुर्च्या हव्या असतील, तर सफारी. बुकिंगचे पैसे भरण्याआधी घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला शोरूममध्ये न्या आणि तिसऱ्या रांगेत एकदा बसवून बघा.