पामचं बी घ्यावं की मोड आलेलं?

पामचं बी विकत घ्यायला गेलं की हल्ली दोन भाव ऐकू येतात. साधं बी स्वस्त, मोड आलेलं महाग. जादा पैसे मोजले की अर्धं काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. नारळाच्या बाबतीत ते खरं आहे. खजुराच्या बाबतीत अजिबात नाही. आणि ताडाचं मोड आलेलं बी लांबून मागवणं म्हणजे बहुधा पैसे पाण्यात घालणं. पाम म्हणून आपण ज्या झाडांना एकाच दावणीला बांधतो, त्यांची बी रुजण्याची तऱ्हा इतकी वेगळी आहे की झाड कोणतं हे ठरल्याशिवाय भावाची चर्चाच करू नये.

घरामागे किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात लावायचा आपल्याकडचा पहिला पाम म्हणजे नारळ. करवंटीवर तीन डोळे असतात. त्यांतला एक मऊ असतो आणि त्याच्याखाली, खोबऱ्यात रुतलेला, सेंटिमीटरभरही नसलेला गर्भ असतो. नारळ रुजायला लागला की गर्भाचं एक टोक कोंब आणि मुळं घेऊन बाहेर पडतं, दुसरं आतल्या पोकळीत फुगत जातं. रुजलेला नारळ फोडल्यावर जो स्पंजासारखा गोडसर गोळा हाताला लागतो, तो हाच. खोबरं विरघळवून कोंबाला पोसण्याचं त्याचं काम वर्षभर चालू राहतं. म्हणून रोप लावताना खालचा नारळ तोडायचा नाही आणि रोप उचलताना पानांना न धरता नारळाला धरायचं. पानांना धरून ओढलं की कोंबाची नाळच तुटते.

मोड आलेल्या नारळाला जास्त पैसे द्यावेत असं मी म्हणतो, त्याचं कारण मात्र वेगळं आहे. न रुजलेल्या नारळाकडे बघून त्यातून कसलं झाड येणार हे कुणालाही सांगता येत नाही. रुजल्यावर बरंच काही सांगता येतं. चांगल्या रोपवाटिकेत बाणवलीचे पूर्ण पिकलेले नारळ पावसाच्या तोंडावर वाफ्यात रुजत घालतात. दोन-अडीच महिन्यांनी कोंब दिसू लागतात, ठेंगण्या जाती त्याहून लवकर उठतात. पाच-सहा महिने होऊनही जो नारळ ढिम्म राहतो, तो काढून टाकतात. उशिरा आलेली, मरतुकडी रोपंही बाजूला जातात, कारण वेळेवर रुजलेलं रोपच पुढे जोमाने वाढतं आणि लवकर धरतं. तुम्ही रोपाला जे पैसे देता, ते या निवडीचे देता.

संकरित नारळात तर ही निवड डोळ्यांना दिसते. कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेची चंद्रसंकरा ही जात चौघाट ऑरेंज ड्वार्फ या नारिंगी ठेंगण्या माडावर उंच माडाचे पराग घालून तयार करतात. ठेंगण्या माडात स्वपरागण सहज होतं, त्यामुळे त्याच पेंडीतले काही नारळ संकरित नसण्याची शक्यता राहते. बाहेरून सगळे सारखेच. रुजल्यावर मात्र नारिंगी देठाचं रोप नुसतं आईवर गेलेलं असतं आणि तपकिरी छटेच्या देठाचं रोप संकरित असतं. जाणकार माणूस वाफ्यातून फिरताना नारिंगी देठ दिसला की ते रोप उपटून बाजूला ठेवतो. कुणी ‘संकरित नारळाचं बी’ म्हणून न रुजलेले नारळ देऊ लागला, तर ही चाळणी अजून लागलेलीच नाही हे लक्षात घ्यावं.

गुहागरकडच्या एका आगरात रोपं बघताना मी सगळ्यांत उंच रोपाला हात घातला.

“काकू, हे घेऊ?”

“उंची नको बघू रे. बुंधा बघ. नि पान फाटायला लागलंय का बघ.”

काकूंच्या तीन वाक्यांत कृषी विद्यापीठाच्या घडीपत्रिकेतला सगळा मजकूर आला. नऊ ते बारा महिन्यांचं रोप, सहा-आठ पानं, बुंध्याचा घेर १० ते १२ सेंटिमीटर, आणि पान लवकर फाटून झावळीसारखं दिसू लागलेलं. सावलीत दाटीने वाढलेलं उंच, लुकडं रोप नजरेत भरतं, पण ते घेऊ नये. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे दापोलीच्या विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे. माहितीची रोपवाटिका नसेल, तर अशा ठिकाणी चौकशी करावी.

सुपारीत न रुजलेलं बी घ्यायला माझी हरकत नाही, पण एका अटीवर: ते झाडावरून नुकतंच उतरलेलं असलं पाहिजे. पोफळीचं बी वाळलं की मेलं. दुकानातली सुपारी कितीही भिजवली तरी रुजणार नाही. नारिंगी पिकलेलं आख्खं फळ, साल न काढता, देठाची बाजू वर ठेवून लगेच वाळूत लावायचं आणि वाळू ओली राखायची. दीड-दोन महिन्यांत कोंब वर येतो. फळं निवडायची जुनी रीत आजही उपयोगाची आहे. ती पाण्यात सोडायची आणि जी देठ वर करून उभी तरंगतात, ती घ्यायची. त्यांची रोपं जास्त जोमदार निघतात. शेजारच्या वाडीत चांगल्या वयाची, भरपूर धरणारी पोफळ असेल, तर हे बी जवळपास फुकटात मिळतं. पुण्या-नागपूरला कुरियरने मागवायचं असेल, तर सरळ पिशवीतलं रोप घ्यावं.

वाळणं सोसतं की नाही, यावर बियाण्याचा निम्मा हिशोब ठरतो. नारळ, सुपारी आणि शोभेच्या बऱ्याच पामांना ते सोसत नाही. खजुराला सोसतं. इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली रुजवण्यात आली आणि त्या झाडाला मेथुसेला हे नाव मिळालं. ज्याचं बी इतकं टिकतं, त्याच्या मोडासाठी पैसे का द्यायचे? खाल्लेल्या खजुराच्या बिया स्वच्छ धुवाव्यात, दोन-तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवाव्यात आणि उबदार जागी ओल्या मातीत ठेवाव्यात. त्या रुजतात. फक्त फळाची आशा धरू नये. खजुरात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, साधारण निम्मी रोपं नर निघतात आणि मादी निघाली तरी फळ खाल्लेल्या खजुरासारखं असेलच असं नाही. फळासाठी बागायतदार झाडाच्या बुडाशी फुटलेली पिल्लं किंवा ऊतिसंवर्धित रोपं लावतात.

ताडात सगळंच उलटं. उन्हाळ्यात खातो तो ताडगोळा कोवळा असतो, तो रुजत नाही. पिकून पडलेल्या फळातलं बी रुजतं. त्यातून जो पांढरा दांडा निघतो त्याला सगळे मूळ समजतात, पण तो मूळ नसतो. तो जमिनीत खाली जाणारा देठ असतो आणि गर्भ त्याच्या टोकात बसून फूटभर किंवा त्याहून खोल उतरतो. पहिलं पान तिथून वर येतं. बी एका जागी, रोप खाली दुसऱ्या जागी, आणि अन्न त्या देठातून जातं. मादागास्करचा रुपेरी पानांचा बिस्मार्क पामही असाच रुजतो. असं मोड आलेलं बी पाकिटात घालून पाठवलं आणि टोक दुखावलं, तर बी वरून टवटवीत दिसत राहतं, पण त्यात रोप उरलेलं नसतं. या दोन्ही पामांचं ताजं, न रुजलेलं बी घ्यावं आणि झाड जिथे ठेवायचं तिथेच लावावं. कुंडीच हवी असेल, तर खोल घ्यावी.

शोभेच्या पामांची बी पोस्टाने मागवणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि फसगत तिथेच जास्त होते. पामांच्या साधारण पाव जातींना रुजायला शंभराहून जास्त दिवस लागतात. अशा सावकाश जातींचं मोड आलेलं बी घेण्यात अर्थ आहे, कारण थांबण्याचं काम विक्रेत्याने केलेलं असतं. मात्र पाकीट आलं की लगेच उघडून बघावं. आतला कोकोपीट हाताला दमट लागला पाहिजे, मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये. मोडाचं टोक पांढरं किंवा साय रंगाचं आणि घट्ट हवं. ते तपकिरी पडून बोटाखाली दबत असेल आणि आंबूस वास येत असेल, तर त्याच दिवशी फोटो काढून विक्रेत्याला कळवावं. टोक निरोगी असेल, तर बी लगेच कुंडीत लावावं, मोड खालच्या बाजूला ठेवून आणि बी जेमतेम झाकलं जाईल इतपतच.

साधं बी घेतलं असेल, तर त्यातलं एक धारदार सुरीने उभं चिरावं. आतला गर पांढरा, कडक आणि भरीव असेल, गर्भ साय रंगाचा असेल, तर बाकीच्यांवर विश्वास टाकता येतो. गर्भ तपकिरी किंवा आक्रसलेला असेल, तर वाट बघण्यात अर्थ नाही. पाण्यात बुडतं ते चांगलं हा नियम पामांना सरसकट लावू नये. कित्येकांचं ताजं बीही तरंगतं. भेरली माडाची फळं कुणी दिली, तर गर काढताना हातमोजे घालावेत, त्याने भयंकर खाज सुटते.

परदेशातून बी मागवण्याचा मोह झाला, तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. साध्या पाकिटातून आलेलं बी कायद्यात बसत नाही आणि त्याबरोबर आलेली कीड आपल्या माडांपर्यंत पोचू शकते. इथल्याच विक्रेत्याकडून घेताना एक प्रश्न विचारावा: फळं झाडावरून कधी उतरवली? महिना सांगता येत नसेल, तर ते बी घेऊ नये. आणि मागवायचं ते उन्हाळ्यात. बहुतेक पामांना रुजायला तीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. डिसेंबरात पुण्यात लावलेलं बी नुसतं पडून राहतं, बुरशी मात्र त्याला आधी गाठते.