प्लास्टिकच्या खिडक्या : बदलण्यापूर्वी दुरुस्ती

पुण्यात घरे बदलत गेली तशा खिडक्याही बदलल्या. पेठांमधल्या जुन्या वाड्यांना सागवानी खिडक्या आणि लोखंडी गज असत. नंतर चाळी आणि सोसायट्यांमध्ये लोखंडी चौकटी आल्या, त्यामागून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. आता कोंढवा, उंड्री, हडपसर भागातील नव्या इमारतींमध्ये पांढऱ्या प्लास्टिकच्या, म्हणजे यूपीव्हीसीच्या खिडक्या सर्रास दिसतात. वाळवी लागत नाही, गंज चढत नाही, रंग द्यावा लागत नाही आणि रस्त्यावरचा आवाजही कमी येतो, म्हणून लोकांना त्या पसंत पडल्या.

चार-पाच वर्षे झाली की मात्र तक्रारी सुरू होतात. पावसात पाणी आत येते, पल्ला सरकत नाही, कडी बसत नाही, वारा शिट्टी वाजवतो. मिस्त्रीला बोलावले तर अनेकदा एकच उत्तर मिळते, "खिडकी गेली, नवीन बसवा." दोन खोल्यांच्या घरातही चार-पाच खिडक्या असतात. मुलांची फी, घराचा हप्ता आणि दवाखाना सांभाळणाऱ्या कुटुंबाला हा खर्च झेपणारा नसतो. गेल्या मे महिन्यात आमच्या इमारतीतील काही कुटुंबांनी मिळून आपापल्या खिडक्या उघडून तपासल्या. जवळपास प्रत्येक घरात चौकट धड होती. बिघडले होते ते चाक, रबर, ब्रशपट्टी, सिलिकॉन किंवा एखादा स्क्रू. आम्हाला त्यातून जे समजले ते येथे मांडत आहोत.

ही खिडकी आहे कशाची?

पाण्याचे पाइप ज्या पीव्हीसीचे असतात त्याच जातीचे हे प्लास्टिक आहे. मऊपणा आणणारी रसायने त्यात घातलेली नसतात, म्हणून ते कडक राहते. चौकटीच्या पट्ट्या आतून पोकळ असतात आणि बळकटीसाठी पोकळीत जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी घालतात. कोपरे स्क्रूने न जोडता तापवून एकजीव केलेले असतात.

या प्लास्टिकचा एक गुण लक्षात ठेवला पाहिजे. उन्हाने ते लोखंड किंवा काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त फुगते. दीड मीटर लांबीच्या पट्टीचे तापमान ४० अंशांनी वाढले, तर ती सुमारे ४ मिलिमीटरने लांब होते. म्हणून चौकट आणि भिंत यांच्यामध्ये थोडी फट ठेवून ती लवचिक सिलिकॉनने भरावी लागते. पुढच्या निम्म्या तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

पाणी आत येते तेव्हा

सरकत्या खिडकीचा खालचा रूळ म्हणजे एक छोटे गटारच असते. वाऱ्याबरोबर आलेले थोडे पाणी त्यात उतरणार, हे बनवणाऱ्यानेच गृहीत धरलेले असते. ते बाहेर जावे म्हणून रुळात लांबट छिद्रे ठेवलेली असतात आणि चौकटीच्या बाहेरच्या अंगाला त्यांची तोंडे निघतात. पुण्याची धूळ, शेजारच्या बांधकामाचे सिमेंट, कबुतरांची पिसे आणि मेलेले किडे यांनी ही छिद्रे बुजतात. मग पाणी रुळात साचते आणि काठ ओलांडून घरात येते.

तपासणी सोपी आहे. खिडकी बंद करून आतल्या बाजूने रुळात तांब्याभर पाणी हळूहळू ओतावे. मिनिटभरात ते बाहेर गेले तर छिद्रे मोकळी आहेत. साचून राहिले तर साफसफाई करावी. आधी रूळ कोरडा असतानाच ब्रशने धूळ काढावी, कारण ओली धूळ चिखल होऊन छिद्रात आणखी घट्ट बसते. नंतर जुन्या टूथब्रशने कोपरे घासावेत, छिद्रात प्लास्टिकची पातळ पट्टी फिरवावी आणि शेवटी पाणी सोडावे. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर आधी निरोप द्यावा.

काही घरांत मुंग्या येतात म्हणून हीच छिद्रे सिलिकॉनने बुजवलेली असतात. तसे कधीही करू नये. पाण्याची वाट बंद झाली की ते घरातच येणार.

रूळ कोरडा असूनही खिडकीखालच्या भिंतीला ओल दिसत असेल, तर दोष चौकट आणि भिंतीच्या सांध्यात आहे. बाहेरचे सिलिकॉन उन्हाने तडकलेले असते किंवा सुटलेले असते. तेथे पांढरे सिमेंट भरण्याचा सल्ला मिळतो, पण चौकट उन्हाने फुगते आणि थंडीने आकसते, त्यामुळे सिमेंटला पुन्हा भेग पडते. जुने सिलिकॉन कटरने पूर्ण काढावे, सांधा पुसून कोरडा करावा आणि बाहेरच्या कामासाठी मिळणारे, ऊन-पाऊस सोसणारे सिलिकॉन सलग भरावे. जुन्यावर नवे चढवले तर ते धरत नाही. हे काम मे महिन्यातच उरकावे, कारण ओल्या भिंतीवर सिलिकॉन चिकटत नाही.

पहिल्या मजल्याच्या वर बाहेरचे काम घरच्यांनी करू नये. सुरक्षा पट्टा लावून काम करणाऱ्या कारागिरालाच बोलवावे.

आणखी एक गोष्ट पाहावी. खिडकीखाली बसवलेल्या ग्रॅनाइटचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. तो आत असेल तर कितीही सिलिकॉन भरले तरी ओल जाणार नाही. ते गवंडीकाम आहे.

पल्ला सरकत नाही, कडी बसत नाही

पल्ल्याच्या खालच्या कडेत दोन छोटी चाके असतात. पल्ला जड झाला की बहुतेक वेळा रुळातली धूळच आड येत असते, म्हणून प्रथम सफाई करावी. तरीही फरक पडला नाही तर पल्ल्याच्या उभ्या कडेला, तळाशी असलेले लहान छिद्र पाहावे. त्यातल्या स्क्रूने चाक वर-खाली होते. स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि पल्ला सरकवून पाहावा. पल्ला आणि चौकट यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली की चाके बरोबर बसली.

कडी न लागण्याचे कारणही बहुधा हेच असते. पल्ला एका बाजूने खाली बसतो आणि कुलपाचा आकडा त्याच्या खाचेत शिरत नाही. तेव्हा जोर लावू नये, हँडल तुटते. आधी चाक नीट करावे. तरीही जुळले नाही तर चौकटीवरची खाचेची पट्टी सैल करून किंचित वर-खाली सरकवावी. नुसते हँडल डगमगत असेल तर त्याच्या बुडाशी असलेले झाकण फिरवले की दोन स्क्रू दिसतात. ते आवळले की काम होते.

चाक झिजून सपाट झाले असेल तर ते बदलावे लागते. त्यासाठी पल्ला उचलून खालची कड आतल्या बाजूला घेत काढतात. पल्ला निसटू नये म्हणून वरच्या रुळात एक अडथळा बसवलेला असतो, तो आधी सोडवावा. काचेसह पल्ला जड असतो. दोन धडधाकट माणसे असल्याशिवाय आणि बाहेर भक्कम ग्रील असल्याशिवाय तो काढू नये. काढलेले चाक नमुन्यासाठी बरोबर घेऊन रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जावे. हार्डवेअरच्या त्या दुकानांमध्ये नमुना दाखवला की जुळणारे चाक मिळण्याची शक्यता चांगली असते. फोनवर "खिडकीचे चाक" एवढे सांगून योग्य माप मिळत नाही.

रुळात खोबरेल तेल, शिलाई मशीनचे तेल किंवा ग्रीस घालण्याची सवय सोडावी. त्या चिकटपणावर धूळ बसते आणि महिनाभरात पल्ला पूर्वीपेक्षा जड होतो. रूळ कोरडा आणि स्वच्छ ठेवावा. फारच गरज वाटली तर सिलिकॉनचा फवारा थोडासा मारावा.

दारासारखी उघडणारी खिडकी असेल तर तिचा भार बिजागरीवर येतो. पल्ला खाली लोंबला असेल तर बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात. ते आतल्या लोखंडी पट्टीत न जाता नुसत्या प्लास्टिकमध्ये बसवलेले असतील तर पुन्हा पुन्हा सुटतात. लोखंडात पकडणारे स्क्रू लावून घ्यावेत.

वारा, धूळ आणि आवाज

बंद खिडकीतूनही धूळ येत असेल तर काचेभोवतीचे रबर आणि पल्ल्याच्या कडेची केसाळ ब्रशपट्टी पाहावी. रबर उन्हाने कडक होते, आकसते आणि कोपऱ्यात फट पडते. बोटभर तुकडा कापून नमुना म्हणून न्यावा. नवे रबर बसवताना ताणू नये. ताणलेले रबर काही दिवसांत मूळ लांबीवर येते आणि कोपरे पुन्हा उघडे पडतात. ब्रशपट्टी खाचेतून ओढून निघते आणि नवी तशीच सरकवता येते.

पिवळेपणा आणि डाग

रोजच्या धुळीला साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. थिनर, ॲसिड, तारेची घासणी वापरू नये. थिनरने पृष्ठभाग विरघळतो आणि घासणीने ओरखडे पडून त्यांत मळ भरतो. चौकटीवरची संरक्षक फिल्म अजून तशीच असेल तर लगेच काढावी, उन्हात ती कायमची चिकटते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आलेला पिवळेपणा धुऊन जात नाही, पण केवळ त्यासाठी खिडकी बदलण्याचे कारण नाही. गडद तेलरंग मात्र देऊ नये. गडद रंग उष्णता शोषतो आणि पट्टी वाकू शकते.

कारागीर आणि बिल्डर

कोपऱ्याचा जोड तडकला, चौकट वाकली किंवा पल्ल्यात लोखंडी पट्टीच घातलेली नाही असे आढळले, तर घरगुती उपाय चालणार नाही. दुहेरी काचेच्या आत वाफ धरली असेल तर काच बदलावी लागते, चौकट तशीच राहू शकते. कारागिराला "यातला नेमका कोणता भाग गेला?" असे विचारावे आणि तो भाग पाहूनच पैसे ठरवावेत. ठरलेली मजुरी मात्र काम होताच द्यावी. कष्टकऱ्याचा मोबदला रखडवू नये, ही आपली दीनी शिकवण आहे.

घर नवीन असेल तर आणखी एक हक्क आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीच्या दर्जातील दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावा लागतो. चुकीच्या उताराने किंवा अर्धवट भरलेल्या सांध्याने पाणी येत असेल तर तोंडी सांगून थांबू नये. तारखेसह छायाचित्रे जोडून लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर महारेराकडे जाता येते.

सर्वांत आधी मुले

सरकत्या खिडकीची डासांची जाळी पाहून घर सुरक्षित आहे असे वाटते. पण ही जाळी डास अडवण्यापुरतीच असते, मुलाचा भार ती पेलत नाही. लहान मूल तिला टेकले तर जाळी चौकटीसकट निसटू शकते. खिडकीला मजबूत ग्रील हवे आणि आग लागली तर बाहेर पडण्यासाठी एखाद्या ग्रीलला आतून उघडणारी झडप हवी. तिची किल्ली कोठे आहे, हे घरातील मोठ्या माणसांना ठाऊक असावे. पलंग, खुर्ची किंवा टेबल खिडकीला लावून ठेवू नये. चाके आणि रबरे नंतर पाहता येतील, ही व्यवस्था आजच करावी.

वर्षातून एक सकाळ

आपल्या घरांत मोठी साफसफाई रमजान आणि ईदच्या आधी होते. चांद्र पंचांगानुसार ईद दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकते, पाऊस मात्र जूनमध्येच येतो. म्हणून खिडक्यांसाठी मे महिन्याची सुट्टी नेमून घ्यावी. मुले घरी असतात, रूळ झाडणे आणि तांब्याने पाणी ओतून पाहणे ही कामे ती आवडीने करतात, आणि वस्तू टाकून देण्याआधी दुरुस्त करून पाहायची असते, हेही त्यांच्या मनावर ठसते.

इसराफ म्हणजे उधळपट्टी. इस्लामने तिला नापसंत केले आहे आणि धड चौकट भंगारात देणे ही उधळपट्टीच आहे. शेजाऱ्याचा हक्कही येथे येतो. आपल्या खिडकीतून झिरपलेले पाणी बऱ्याचदा खालच्या घराच्या भिंतीत उतरते आणि बुरशीचा त्रास त्या घरातील दादी-नानींना होतो. आपल्या घरात ओल दिसत नसली, तरी खालच्यांना एकदा विचारून पाहावे.