गोठलेले तळे आणि मोटारसायकल: गैरसमज व वस्तुस्थिती

गोठलेल्या तळ्यावर मोटारसायकल चालवता येते. स्वीडन, फिनलंड, रशिया, कॅनडा या देशांत हिवाळ्यात ती चालवली जाते, आणि बर्फावरच्या मोटारसायकल शर्यतींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1966 पासून होत आली आहे. अशा शर्यती मात्र नेहमी तळ्यावरच होत नाहीत. अनेक शर्यती स्टेडियममध्ये मुद्दाम गोठवलेल्या धावपट्टीवर होतात, आणि तिथे बर्फाखाली पाणी नसते. बर्फाखालचे हे पाणीच विषयाचे मर्म आहे. दुचाकीवरून लडाख गाठण्याचे स्वप्न परभणी जिल्ह्यातले कित्येक तरुण पाहतात. त्यांच्या गप्पांत या बर्फाविषयी जे ऐकीव समज असतात, त्यांतले बहुतेक हे पाणी विसरल्यामुळे तयार झालेले आहेत.

कडाक्याची थंडी पडली की तळे गोठते, हा पहिला समज. मराठवाड्यात थंडी म्हटली की परभणीचे नाव निघते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नोंदीत एखाद्या वर्षी किमान तापमान 5 अंशांच्याही खाली उतरते. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा उत्तरेचा असला की जमिनीतली उष्णता रात्रभर आकाशात निघून जाते. पण हा पारा पहाटेच्या थोड्या वेळापुरता असतो. दुपारी तोच 27-28 अंशांवर जातो, म्हणजे दिवसाची सरासरी 16 अंशांच्या आसपास राहते. तळे पहाटेच्या आकड्याने गोठत नाही, ते सरासरीने गोठते. शिवाय पाणी 4 अंशांना सर्वांत जड असते. वरचा थर गार झाला की तो खाली बसतो आणि खालचे उबदार पाणी वर येते. तळापर्यंतचे सगळे पाणी 4 अंशांवर आल्याशिवाय पृष्ठभागाचे तापमान शून्याकडे सरकू शकत नाही. जिंतूर तालुक्यातले येलदरीचे धरण किंवा सेलूजवळचा निम्न दुधना प्रकल्प यांच्या जलाशयांना ही पहिली पायरीही कधी गाठता येत नाही.

महाबळेश्वरचे उदाहरण यावर हमखास दिले जाते. वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात आणि त्या ऐकून वेण्णा तलावच गोठला असे सांगितले जाते. प्रत्यक्षात गोठते ते गवतावरचे, गाड्यांच्या टपावरचे आणि बोटींच्या धक्क्यावरचे दव. हवेचे तापमान जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या पेटीत, सावलीत मोजले जाते. उघड्या रात्री गवताचे पाते त्याहून काही अंशांनी गार असते. त्यामुळे पेटीतला पारा शून्याच्या वर असतानाही पात्यावर बर्फ दिसतो. अठराव्या शतकात अलाहाबादेकडे याच रीतीने बर्फ तयार करत: उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांच्या थरावर उथळ मातीची परळे मांडायची, त्यांत थोडे पाणी घालायचे आणि पहाटे बर्फाच्या पापड्या गोळा करायच्या. सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आहे. परळातले बोटभर पाणी एका रात्रीत गोठते, तलाव गोठत नाही.

तापमान शून्याखाली गेले की बर्फ लगेच गाडी पेलतो, हा समज सर्वांत घातक. बर्फाची जाडी साठत गेलेल्या थंडीवर ठरते. ढोबळ हिशोब असा की दिवसरात्रीची सरासरी उणे 10 अंश राहिली, तर 12 सेंटिमीटर बर्फ व्हायला तीन-चार दिवस लागतात आणि 30 सेंटिमीटरला तीन आठवड्यांहून अधिक. जाडी वाढते तसा बर्फच खालच्या पाण्याचे पांघरूण होतो आणि वाढ मंदावते. वर हिम पडले तर आणखी मंदावते. उत्तर अमेरिकेत सांगितले जाणारे ठोकताळे नव्या, स्वच्छ बर्फासाठी आहेत: पायी चालायला किमान 10 सेंटिमीटर, स्नोमोबाइलला 12 ते 18, लहान मोटारगाडीला 20 ते 30. दुधी पांढरा बर्फ, म्हणजे हिम भिजून गोठलेला, निम्म्याच ताकदीचा धरतात आणि जाडी दुप्पट मागतात. बुलेट, चालक आणि सामान मिळून वजन तीनशे किलोच्या घरात जाते, हे इथे लक्षात ठेवावे.

दुचाकीची चाके अरुंद, म्हणून ती बर्फ कापत जातात, असेही म्हणतात. बर्फ चाकाखाली कापला जात नाही. सगळा थर वजनाने किंचित वाकतो आणि खालचे पाणी तो भार उचलते. म्हणूनच चार गाड्या एकमेकींना खेटून उभ्या करणे एका गाडीपेक्षा कितीतरी धोक्याचे. याच वाकण्यामुळे ‘वेगाने गेले की बर्फ तुटायच्या आत पार होता येते’ हा सल्ला चुकीचा ठरतो. धावत्या गाडीसोबत बर्फाखाली लाट धावते. गाडीचा वेग लाटेच्या वेगाशी जुळला की बर्फ जास्तीत जास्त वाकतो. 10 मीटर खोल पाण्यावर हा वेग ताशी साधारण 35 किलोमीटर येतो, म्हणजे दुचाकी सहज गाठते तेवढाच. दुसऱ्या महायुद्धात वेढलेल्या लेनिनग्राडला नोव्हेंबर 1941 पासून लाडोगा सरोवराच्या बर्फावरून ट्रकने धान्य पोचवले गेले, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी उपकरणे लावून हे वाकणे मोजले आणि त्यावरून ट्रकचा वेग व दोन ट्रकांतले अंतर ठरवण्यात आले.

खारे पाणी गोठत नाही, हा समज लडाखपुरता खोडता येतो. 4,200 मीटरहून उंचावरचे पँगाँग सरोवर खारट असूनही हिवाळ्यात गोठते. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याच्यावर 21 किलोमीटरची अर्धमॅरेथॉन झाली. पण माणूस धावला म्हणून गाडी जाईल असे नाही, आणि खारट बर्फ गोड्या बर्फापेक्षा कमजोर असतो. महाराष्ट्रातले दुचाकीस्वार बहुधा जून ते सप्टेंबरमध्ये तिथे पोचतात, तेव्हा समोर निळे पाणीच असते.

निसरडेपणाबाबत शाळेत शिकलेले एक कारण दुरुस्त करावे लागते. दाबाने बर्फ वितळतो म्हणून घसरतो, असे सांगतात. एका वातावरणाइतक्या दाबाने वितळणबिंदू फक्त 0.0074 अंशाने उतरतो. टायरचा दाब दोन-तीन वातावरणांचा असतो, म्हणजे परिणाम नगण्य. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू मुळातच सैल असतात आणि घर्षणाच्या उष्णतेने त्यांत भर पडते. परिणाम मात्र खरा आहे. कोरड्या डांबरावर ताशी 40 किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे 9 मीटरांत थांबते, साध्या टायरने बर्फावर तिला साठ मीटरांहून जास्त लागतात. वळताना डांबरावर 35 अंश झुकता येते, बर्फावर जेमतेम 6. एबीएसने चाक अडकत नाही, पण नसलेली पकड त्यातून मिळत नाही. पकड खिळ्यांनी मिळते. शर्यतीच्या गाड्यांच्या टायरांना जवळपास 3 सेंटिमीटर लांबीचे अणकुचीदार खिळे असतात. त्यांच्या जोरावर स्वार इतके झुकतात की हँडल बर्फाला टेकते. त्या गाड्यांना ब्रेक नसतातच. रशियाच्या निकोलाय क्रास्निकोव्हने 2005 ते 2012 सलग आठ जागतिक विजेतेपदे अशाच गाडीवर मिळवली.

थंडीत पेट्रोल गोठते, हेही खरे नाही. गाडी सुरू होत नाही ती बॅटरीची ताकद घटल्याने आणि इंजिन ऑइल दाट झाल्याने.

कडकड आवाज आला म्हणजे बर्फ फुटला, हा समजही अर्धाच बरोबर. तापमान बदलले की जाड बर्फसुद्धा ताणाने कडाडतो. उलट ओढ्याच्या मुखाशी किंवा झऱ्यावर पातळ झालेला बर्फ आवाज न करता खचू शकतो. सबंध तळ्याची जाडी एकच धरणे म्हणूनच चूक, जागोजागी भोक पाडून ती मोजावी लागते. कोणी पाण्यात पडलेच तर गाडीचा नाद सोडायचा. पहिला मिनिटभर धाप आवरायची. हातपाय साधारण दहा मिनिटे कामाचे राहतात. तेवढ्यात आलो त्याच बाजूच्या बर्फावर, जो आतापर्यंत पेलत होता, छातीवर सरकत चढायचे आणि उभे न राहता लोळतच काठाकडे जायचे.